बावीस डब्यांची परात

५ जानेवारी २०२६

परत तेच! माधवी मॅडमनी पुण्याहून आलेला मेल वाचून दाखवला. मॅडम आमच्या अभ्यासाच्या डॉक्टर, मी त्यांची गावोगाव फिरणारी सिस्टर. शरीरात रक्तदाब वाढवणारं एक हार्मोन असतं, त्याला अडवणारी ही नवी गोळी. निम्म्या बायकांना खरी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. कुणाला कुठली, ते फक्त पुण्याला ठाऊक. बाकी ठिकाणी काहींचा दाब चांगला उतरलाय, काहींचा जागचा हललेला नाही. लोणी देवकरच्या वस्तीवर मात्र सगळ्याजणींचा सारखाच — उगीच नावाला उतरलेला.

‘तुमच्या सिस्टर नीट मोजतात का?’ असंही विचारलंय. म्हणजे चोर मीच!

१६ जानेवारी

वस्तीवर गेले. गोजरबाईंचा दाब १६८. मान आणि मांडीला यंत्र लावून रक्तवाहिन्या किती ताठरल्यात तेही बघितलं. बाई अठ्ठावन्नच्या, रक्तवाहिन्या पंचाहत्तरीच्या!

“किती हाय गं?”

“जरा जास्त आहे.”

“तुझं त्वांडच सांगतंय की.”

जुन्या डब्या मोजून घेतल्या. बावीसजणींपैकी एकीचीही एक गोळी चुकलेली नाही. इतक्या इमानानं खातात, आणि उपयोग काय? नव्या डब्या वाटल्या आणि निघाले.

१६ जानेवारी, परत

दाब मोजायचा पट्टा बावीसजणींतल्या तानूबाईंकडे विसरला, म्हणून अर्ध्या वाटेवरून गाडी वळवली. त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. दारातून बघते तर मध्ये परात! बावीस डब्या तिच्यात ओतलेल्या. गोजरबाई हातानं कालवतायत आणि तीस-तीस मोजून डब्या परत भरतायत. मला बघून कुणी लपवलंसुद्धा नाही.

“हे काय चाललंय?”

“तूच म्हनलीस न्हवं, निम्म्या खोट्या हायत म्हून?” गोजरबाई म्हणाल्या. “मग एकीला समद्या खऱ्या नि एकीला समद्या खोट्या, ह्यो कुठला न्याय? कळपातल्या निम्म्याच मेंढरांना पानी पाजतो व्हय आमी?”

पहिल्या महिन्यापासून हे चाललंय. तानूबाईंनी हातावर तिळगूळ ठेवला. आणि मी तो खाल्ला!

संमतीपत्र मीच वाचून दाखवलं होतं. कळलं का, नीट कळलं का — दहादा विचारलं होतं. त्यांना चांगलंच कळलं होतं.

१७ जानेवारी

मॅडमना सांगायला हवं. सांगितलं की वस्ती अभ्यासातून बाद, गोळ्या बंद, माझी नोकरी बंद. नाही सांगितलं तर कुणालाच पुरती मात्रा मिळणार नाही आणि गोजरबाईंचा दाब असाच राहणार. तीनदा मॅडमच्या दारापर्यंत गेले. तिन्ही वेळा चहा पिऊन परत आले.

२० जानेवारी

उद्या सांगते.

२३ जानेवारी

मॅडम दोन दिवस पुण्याला. बरं वाटलं! लिहितानाही लाज वाटते.

२७ जानेवारी

सकाळी स्वरूपाचा फोन. गोजरबाईंची सून. “सिस्टर, आत्याबाईंचं त्वांड वाकडं झालंय, उजवा हात उचलंना. काय करू वो?”

बारामतीला आणलं. मेंदूत रक्तस्राव. शुद्ध नाही.

दवाखान्याच्या जिन्यात मॅडमना सगळं सांगितलं. ओरडतील वाटलं होतं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?” एवढंच विचारलं.

अकरा दिवस. अकरा दिवस मी नोकरीला कवटाळून बसले.

२८ जानेवारी

असं काही झालं की त्या पेशंटची गोळी कुठली होती ते पुण्याहून उघड करतात. मॅडमनी फोनवर ऐकून कागदावर लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

परातीत ओतण्याआधी गोजरबाईंच्या डबीत सगळ्या खऱ्या होत्या.