विक्रीकराचा परतावा आणि कांदेवाडीचा छापखाना

मी, राजलक्ष्मी अनंतराव तळपदे, वय एकसष्ट, राहणार कांदेवाडी, गिरगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझा मुलगा मनमोहन याच्याशी दहा मिनिटे बोलावे, म्हणजे फरक कळेल.

१. मनमोहनला राहती जागा आणि रेडिओग्राम. हा रेडिओग्राम त्याने १९५८ साली विक्रीकराच्या परताव्यातून आणला. लग्नपत्रिकांवर आम्ही भरलेला कर अपिलात परत मिळाला होता. "आई, आपलेच पैसे परत आले. त्यावर कसला इन्कमटॅक्स?" हे आमचे बी.कॉम. चिरंजीव. सून सुमेधा म्हणाली, "अहो, तो कर आपण आधी खर्चात धरलाय. तेव्हा तेवढा इन्कमटॅक्स वाचला. आता परत आला, तर उत्पन्नात दाखवायला हवा." त्यावर विद्वान म्हणाले, "तू चुलीवरच्या भानोल्याकडे बघ, करपेल." मीही हसले. पुढे नोटीस आली, दंड झाला आणि यजमानांचे मोठे छपाईयंत्र विकावे लागले. भानोले मात्र उत्तम झाले होते.

२. छापखाना, उरलेले लहान यंत्र आणि छपाईचे सगळे खिळे एकट्या सुमेधेचे. मनमोहनने तिथे गिऱ्हाईक म्हणून यावे, आगाऊ पैसे भरून.

३. अजून दोन वर्षांचा परतावा यायचा आहे. मुंबई राज्य देवो की नवे महाराष्ट्र राज्य, तो सुमेधेचा. १९५५ चा कर खर्चात धरला होता, म्हणून तो परतावा उत्पन्नात दाखवावा. १९५६ साली हरताळ आणि गोळीबारात बरेच महिने काम बंद होते. चळवळीची पत्रके तेवढी फुकट छापली. त्या साली नफाच नव्हता, तेव्हा भरलेला थोडा कर खर्चात धरलाच नव्हता, म्हणून त्या परताव्यावर एक पैसाही भरू नये. एवढा फरक मनमोहनला समजावण्याचा खर्च माझ्या मिळकतीतून करू नये.

४. हे कलम मनमोहनने सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. त्या नोटिशीच्या सुनावणीत आयकर अधिकाऱ्यांनी विचारले, "हा फॉर्म कोणी भरला?" मुलाची नोकरी जाईल या भीतीने मी सुमेधेचे नाव सांगितले. ती शेजारीच उभी होती. तिने मान डोलावली. "बायकांच्या हाती हिशेब दिला की असंच व्हायचं," असे साहेब म्हणाले, आणि मनमोहन खाली बघत राहिला. मला स्वतःची लाज वाटते. घरी आल्यावर सुमेधेने मला चहा करून दिला. त्या खोट्याबद्दल ती आजवर एक शब्द बोललेली नाही.

छापखाना ही तिला बक्षिसी नव्हे. फॉर्म तिने भरला नव्हता.

राजलक्ष्मी अनंतराव तळपदे
गिरगाव, मुंबई. २२ एप्रिल १९६०

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली:
डॉ. रमाकांत विजयकर
शेवंती कोठारे, शेजारीण