सहाच्या बातम्या आणि माझा बहिष्कार

सोमवार, ११ ऑगस्ट. सकाळ.

खट-खट-खट-खट, ठण्. डोळे उघडायच्या आतच तो जुना आवाज स्वप्नातून कानात आला. टेलिप्रिंटर. चॅनल तेराच्या सहाच्या बातम्या त्या आवाजानं उघडायच्या आणि अख्खं ऑक्सबो हातातला काटा ताटात ठेवायचं. (मूळ मशीन भंगारात गेल्यावर मॅनेजरच्या बायकोचं शिवणयंत्र टेप केलं आणि पुढे वर्षानुवर्षं तेच वाजवलं. कुणाला पत्ता लागला नाही. याला म्हणतात कारागिरी. आता सगळं खोटंच असतं.) त्या खडखडीवर माझा आवाज: के-ओ-एक्स-बी, चॅनल तेरा, ऑक्सबो, आयोवा. बस्स, एवढंच. पण माणसं ऐकायची.

दर तासाला स्टेशननं आपलं नाव-गाव सांगायचं असा कायदा आहे. अजूनही आहे. तेव्हा ते माणूस सांगायचा, म्हणजे मी. आता कोपऱ्यात मुंगीएवढी अक्षरं येऊन जातात. मुंग्यांना वाचता येत असावं.

आजपासून रोजनिशी, कारण युद्ध पेटलं आहे. काल शेजारच्या व्हर्नानं सांगितलं की चॅनल तेरा नेटवर्क बदलतंय, म्हणजे ज्या देशभरच्या कंपनीचे कार्यक्रम दाखवतं ती कंपनीच. एक सप्टेंबरपासून. आमचं जन्मापासूनचं नेटवर्क शेजारच्या शहरातल्या चॅनलच्या घरी नांदायला जाणार आणि आमच्याकडे नवंच कुणीतरी येणार. त्या नव्याचे कार्यक्रम रात्री नऊलाच आटपतात, म्हणून बातम्याही नऊला. सहाला काय, तर जुन्या विनोदी मालिका. एकापाठोपाठ एक.

साडेपाचला जेवण, सहाला बातम्या, साडेआठला अंथरूण. नऊला जागी असतात ती घुबडं.

संकल्प: एक तारखेपासून बहिष्कार. माझ्यासारखा जाणता प्रेक्षक गेला की स्टेशन गुडघ्यावर येईल. फार तर आठवडाभरात.

मंगळवार, १२ ऑगस्ट.

स्टेशनला फोन केला. आधी मशीन बोललं, मग दुसरं मशीन, मग एक मुलगी, पण फरक फारसा जाणवला नाही. मी लॉईड टेकिपी, असं पूर्ण आवाज लावून सांगितलं. तिनं स्पेलिंग विचारलं. त्या इमारतीच्या भिंतींत माझा आवाज मुरला आहे, आणि ही स्पेलिंग विचारते. बहिष्काराची सूचना दिली. तिनं आभार मानले. वर म्हणाली, एक तारखेला स्कॅन करायला विसरू नका हं.

हल्ली ज्याला त्याला दुसऱ्याच्या तब्येतीची उठाठेव.

संध्याकाळी टीव्हीवरही तेच. पडद्याच्या तळाशी अक्षरांची पट्टी सरपटत होती. ती मी तत्त्व म्हणून वाचत नाही, बातमी ऐकायची असते. तरी 'एक तारीख' आणि 'स्कॅन' एवढं डोळ्यांत शिरलंच. हॉस्पिटलची जाहिरात. बातम्यांच्या अंगावरून आता जाहिराती सरपटवतात, गांडुळासारख्या.

गुरुवार, १४ ऑगस्ट.

टिगन मार्श. ॲरिझोनातून आणली आहे. बातम्या वाचते असं तिला वाटतं. दात चांगले आहेत.

आज बाईंनी गारपिटीची बातमी वाचली. म्हणे, 'डेली गावात मक्याचं नुकसान.' डेली. मी खुर्चीतून उठलोच. लिहितात डी-ई-एल-एच-आय आणि म्हणतात डेल्हाय. भारत देशात याच नावाची राजधानी आहे, ते लोक तिला काय म्हणतात तो त्यांचा प्रश्न. आमच्या आयोवात ते डेल्हाय. गाव वसवणाऱ्यांनी नाव नकाशातून उचललं आणि उच्चार घरचा लावला, झालं. माझी शाळा तिथली. मिस ओलेंडिकनं एकाच खोलीत आम्हा सगळ्या वर्गांकडून कविता म्हणवून घेतल्या. शेवटचं अक्षर गिळलं की फूटपट्टी. त्या बाईच्या राज्यात या पोरीचा तळहात सुजला असता.

हे सगळं व्हर्नाला ऐकवलं. व्हर्ना डोस्टल म्हणजे पलीकडच्या घरातली विधवा. रोज पावणेसहाला मागच्या दारानं येते, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसते, हवामान सांगून झालं की जाते. गुरुवारी तिच्या माहेरच्या पद्धतीचे कोलाचे आणते, जर्दाळू भरलेले गोड पाव. ती म्हणाली, "नवीन आहे बिचारी. शिकेल." मी म्हटलं, शिकायला डोकं लागतं, दातांनी भागत नाही. ती म्हणाली, माझी धाकटी बहीणही ॲरिझोनात असते. मी म्हटलं, असू दे, तिचा काय दोष.

जाताना व्हर्ना कोलाचेचं ताट झाकून परत घेऊन गेली. माझ्या साखरेची काळजी असावी.

सोमवार, १८ ऑगस्ट.

काव्य स्फुरलं. बऱ्याच वर्षांनी.

हे तेराव्या नभातिल तारके, सांग कशी गं विझलिस तू?
सहाची सोनेरी घटिका सोडुनि नवात जाउन निजलिस तू?

'नवात' जरा ओढून बसवलं आहे, पण मिस ओलेंडिकला चाललं असतं. व्हर्नाला म्हणून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. उघडल्यावर म्हणाली, "लॉईड, एक तारखेला स्कॅन करशील ना? नाही जमलं तर मी येते."

मी म्हटलं, तू कशाला, लोक काय म्हणतील. शिवाय मी ठणठणीत आहे.

माणसाच्या तब्येतीची इतकी चिंता एकाच गोष्टीमुळे लागते. याही वयात. बिचारी.

शुक्रवार, २२ ऑगस्ट.

विचार केला. नवं नेटवर्क म्हणजे नवं बोधचिन्ह, नवं संगीत, आणि कायद्यानुसार नाव-गाव सांगणारा आवाज. तो कुठून आणणार? ॲरिझोनातून? फोन येणारच. बहिष्कार तेवढ्यापुरता शिथिल करता येईल, पण अटींवर.

मिठाच्या पाण्यानं गुळण्या. आरशासमोर तालीम. 'ऑक्सबो'मधला 'बो' पूर्वीसारखा तळघरातून येत नाही, जिन्यापर्यंत येतो आणि दम खातो. पण येतो.

दुपारी फोन वाजला. उचलला आणि सरळ पूर्ण आवाजात के-ओ-एक्स-बी, चॅनल तेरा, ऑक्सबो, आयोवा. समोरचा माणूस म्हणाला, छपराच्या पन्हाळी साफ करून घ्यायच्यात का? आणि उत्तराची वाट न पाहता ठेवून दिला. आवाजाचा दरारा अजून आहे.

शुक्रवार, २९ ऑगस्ट.

सहाच्या शेवटच्या बातम्या. काळा टाय लावला. व्हर्ना रोजच्या वेळी आली, तिनं टाय पाहिला आणि आपल्या खुर्चीत बसली.

ना टेलिप्रिंटर, ना जुन्या माणसांची आठवण, ना एक ओळ काव्याची. शेवटी टिगनबाईंनी दात दाखवले, म्हणाल्या नऊला भेटू, आणि पुन्हा ते स्कॅन. मी आवाज बंद केला. म्हटलं, हिला नऊला कशाला, पहाटे पाठवा, खुराड्यासमोर वाचू दे. कोंबड्या उच्चाराला हसत नाहीत.

व्हर्ना उठली. हवामान बाकी होतं. आजवर हवामानाआधी ती एकदाही उठलेली नाही, चक्रीवादळाच्या दिवशीसुद्धा. दाराशी थांबून म्हणाली, "तुला कधी कुणी नवीन असताना सांभाळून घेतलं नव्हतं का रे?"

प्रश्नाचा संदर्भ लागला नाही. भावनेच्या भरात माणूस काहीही विचारतो.

सोमवार, १ सप्टेंबर. सहा वाजून पाच मिनिटं.

विजय.

सहाला टीव्ही लावला, केवळ शत्रूची अवस्था पाहायला. चॅनल तेरा: काळोख. मध्यभागी दोन शब्द, 'सिग्नल नाही'. बाकी चॅनल व्यवस्थित. म्हणजे तेराच कोसळलं. बहिष्काराच्या पहिल्याच संध्याकाळी. एवढ्या लवकर पडतील असं मलाही वाटलं नव्हतं.

उकडलेली मक्याची कणसं, लोणी दुप्पट. व्हर्नाला सांगायला मागचं दार उघडं ठेवलं. डास आले.

गुरुवार, ४ सप्टेंबर.

अजून काळोखच. धान्याच्या कोठाराजवळच्या कॅफेत सकाळच्या कॉफीला जाहीर केलं की चॅनल तेरा बंद पडलं आणि कुणामुळे ते विचारू नका. कुणी विचारलं नाही. एक जण म्हणाला, काल रात्री नऊला मी पाहिलं की, सोयाबीनचे भाव सांगत होते. मी म्हटलं, बाबा, तुला त्याची आठवण येतेय, त्याला पाहणं म्हणत नाहीत. सगळे हसले. त्याला हसले.

व्हर्ना आली नाही. गुरुवार असून.

मंगळवार, ९ सप्टेंबर.

पावणेसहाला दोन्ही खुर्च्यांवरची धूळ झटकली. सवयीनं. काळ्या पडद्यासमोर बसून शाळेतल्या तीन लांब कविता म्हटल्या. एकही ओळ चुकली नाही. चुकली असती तरी सांगायला कुणी नव्हतं.

युद्ध जिंकलं की जरा शांत वाटतं, ते हेच.

मग व्हर्ना कुंपणापाशी दिसली, टोमॅटो तोडत होती. मी खिडकीतून हात केला. ती जवळ आली आणि कपाळावर आठ्या घालून म्हणाली, "लॉईड, स्कॅन केलंस की नाही अजून?"

"मला काही धाड भरलेली नाही."

"अरे तुला कोण म्हणतंय?"

पुढे ती काहीतरी समजावत होती, पण मी खिडकी लावून घेतली. आजारपणाच्या गप्पा मला खपत नाहीत. काचेतून तिचे ओठ तेवढे दिसले. टीबी म्हणाली बहुधा. दोनदा म्हणाली. म्हणजे छातीचं स्कॅन. आवाजाच्या माणसाची छाती, आणि हिला टीबीची शंका.

रात्री झोपण्याआधी थोडं खोकून पाहिलं. काही नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर.

स्टेशन आता तहाला येईल, येणं भागच आहे. अटी तयार. बातम्या सहाला. टेलिप्रिंटर परत, शिवणयंत्र चालेल. तासातासाला माझा आवाज. आणि ती पोरगी ॲरिझोनाला रवाना. या अटी लवणार नाहीत.

जुना निळा ब्लेझर काढला, खिशावर तेराचा आकडा भरलेला. इस्त्री केली. बटण लागत नाही, धोब्यानं आटवला असणार. दार कसं उघडायचं तेही ठरवलं: आधी आवाज ऐकवायचा, मग माणूस दिसला पाहिजे.

पावणेसहाला मागचं दार वाजलं असं वाटलं. वारा होता.

शुक्रवार, १२ सप्टेंबर. संध्याकाळ.

स्वयंपाकघरात बसून लिहितोय. बाहेरच्या खोलीतून खूप माणसं एकदम हसल्याचा आवाज येतोय. थांबतात, परत हसतात. चॅनल तेरा लागलं आहे.

झालं ते असं. साडेपाचच्या सुमारास रस्त्याकडेला गाडी थांबली, दारावर भला मोठा तेरा. मला आश्चर्य वाटलं नाही. ब्लेझर चढवला, बटणाचा नाद सोडला. पुढची घंटा वाजली. दार बोटभर उघडलं आणि फटीतून, छाती भरून, के-ओ-एक्स-बी, चॅनल तेरा, ऑक्सबो, आयोवा. 'बो' अगदी तळघरातून आला.

मग मी दार पूर्ण उघडलं. मॅनेजर नव्हता. कॅमेरा नव्हता. टिगन मार्श उभी होती, टीव्हीवर दिसते त्याहून बुटकी, जराशी धापा टाकत. हातात माइकही नव्हता. कोलाचेचं ताट होतं, व्हर्नाच्या निळ्या फडक्यानं झाकलेलं.

"मिस्टर टेकिपी ना? मी टिगन. व्हर्नाआजी माझ्या आजीची बहीण. ती म्हणाली, तुमचा टीव्ही स्कॅन करायचा राहिलाय. टॉवर बदलला ना आमचा, एक बटण दाबलं की परत दिसतं. पटकन करून देते सर, मला सातच्या आत डेल्हायला पोचायचंय, मॅच आहे."

डेल्हाय. स्वच्छ. शेवटचं अक्षर न गिळता.

हे तिला कधी जमलं, कुणास ठाऊक. नऊच्या बातम्यांत जमलं असेल. तेव्हा मी झोपलेला असतो.

अटी चार होत्या. एकही आठवेना. ती दारात तशीच उभी, ताट पुढे धरून, आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, तेही ओळखू येणार नाही इतक्या बारीक आवाजात:

"पाय पुसून या."