पहिल्या हाकेला

बाबा, मी परवा टांझानियाच्या डोंगरातून परत आले. तू असतास तर म्हणाला असतास, "चालाला यवरं लांब? कोलशेतला रस्तं नाय काय?" चार दिवस जंगलातून पायी, वाटेतल्या गावांमध्ये मुक्काम. आमचा वाटाड्या आम्हा सगळ्या बायकांना "मामा" म्हणायचा. त्याच्या भाषेत मामा म्हणजे आई. माझी माजिवड्याची मैत्रीण पहिल्याच दिवशी म्हणाली, "घे! चाळिशीत मामा झालो गं. आता लग्नात नवरीच्या मागे आपणच उभं राहायचं."

तिसऱ्या दुपारी धुकं उतरलं. मी बुटाची नाडी बांधायला वाकले, उठून बघते तर पुढे कोणीच नाही. समोर वाटेला दोन फाटे. एका बाजूला दरी आहे एवढं माहीत होतं, कुठल्या ते नाही. पानांवरून पाणी ठिबकत होतं आणि प्रत्येक थेंब मला कुणाचं तरी पाऊल वाटत होता. तेवढ्यात हाक आली. "मामा!" अगदी जवळून. एकदाच.

ओ द्यायला तोंड उघडलं आणि तू आठवलास. मी सात-आठ वर्षांची आहे, मिठागराच्या बांधावर तुझ्या मागून चालते आहे, तिन्हीसांजेला खाजणाच्या दलदलीतून कुणीतरी हाकारतं आणि तू माझ्या तोंडावर हात ठेवतोस. खारट हात. "पयल्या हाकेला ओ नको देव, गो पोरी. मानूस तीनदा हाकारतो. ते एकदाच." ते म्हणजे काय, हे तू कधीच सांगितलं नाहीस. मी शाळेत विज्ञान शिकवते, बाबा. तरी ओठ मिटून दुसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिले. उत्तर नाही म्हणून वाटाड्या दुसऱ्या फाट्याने उतरत गेला. दुसरी हाक कितीतरी खालून आली. तिसरी इतकी बारीक, की ती विरायच्या आत मी "ओ!" म्हणून किंचाळले, आणि रडत किंचाळतच राहिले.

तो धापा टाकत वर आला. चिखलाने भरलेला, गुडघा फुटलेला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने विचारलं, पहिली हाक ऐकली नव्हती का? मी म्हटलं, नाही.

हे "नाही" मी आधीही एकदा म्हटलंय. तू गेलास त्या दिवशी आई बाजारात होती, मी ओट्यापाशी भाकऱ्या थापत होते. आतून, अंथरुणावरून तू हाकारलंस, "गो पोरी." एकदाच. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि थांबले. तू पुन्हा हाकारलं नाहीस. नंतर आईने विचारलं, "हाक तरी मारली का गो त्यानं?"

हा कागद बुटांच्या खोक्यात ठेवते आहे. बूट अजून धुतलेले नाहीत.

मला ऐकू आलं होतं, बाबा. आणि मी तुझा नियमही पाळत नव्हते. तुझा आवाज ऐकूनच मला कळलं होतं. मला आत यायची भीती वाटली.