मधल्या धारेत बंद पडलेली मोटर

बा, तुला लिहावं असं आज पुन्हा वाटलं. साठ सालाच्या मागेपुढे कधीतरी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, आणि पैनगंगेच्या पुरात तुझी नाव उलटली होती. नाव वाचली, पण तिच्या मागे बसवलेली मोटर गाळात रुतून राहिली. पाणी ओसरल्यावर तू ती खांद्यावर घेऊन आलास, तेव्हा तिच्यातून अजून नदी ठिबकत होती.

उमरखेडच्या मिस्त्रीनं ती पाहून मान हलवली. "आत पाणी गेलं. नवीच आणा." नवी यायची नागपूरहून, तीही दिवाळीनंतर. माय तुला म्हणाली, "तवर वल्ह्यानं नाव चालवा. या मोटरीवर भरवसा नोका ठेवू, पोरगी अवघडलेली हाय." आपल्या बाजूचा रस्ता चिखलानं बंद होता आणि डॉक्टरीणबाई पल्याडच्या गावात. तू म्हणालास, "म्हणून तं उघडून पाहतो. वल्ह्यानं उशीर होते."

मग अंगणात जुनं धोतर अंथरून तू मोटर उघडलीस. एकेक भाग रॉकेलनं धुऊन उन्हात मांडतोस, मी उंबऱ्यावर पाय पसरून बसले आहे, पितळ चमकतं आहे, आणि पोटातलं लेकरू मधूनच ढुशी देतं आहे. मोटर चालू झाली तेव्हा तू हसलाही नाहीस, नुसता कान लावून ऐकत राहिलास.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी नदीवर धुकं होतं. मायनं माझं डोकं मांडीवर घेतलं. मधल्या धारेत मोटर खोकली आणि बंद पडली. तू दोरी ओढलीस, पुन्हा ओढलीस, मग वल्हं उचललंस. "भेऊ नको पोरी. काठ जवळच हाय." काठ दिसत नव्हता. नाव धुक्यातून सरकत होती, पाण्याचा आवाज फळीतून माझ्या पाठीत उतरत होता.

तुझी नात डॉक्टरीणबाईंच्या ओसरीवर जन्मली. तिला पाहून झाल्यावर तू मायला म्हणालास, "तुयं बराबर होतं. नवी आणतो." आणलीसही.

त्या धारेत भीतीनं माझा जीव चालला होता, असं मी सगळ्यांना सांगत आले, तुलाही सांगितलं. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. मोटर थांबली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. तू, माय, मी आणि अजून न आलेली ती. कळांच्या मधे मला वाटत होतं, काठ थोडा लांबच असू दे.