चहाच्या खोक्यातला निवेदक

१ जानेवारी १९७५, बुधवार. सकाळी ६.१०
नवं वर्ष, नवी वही. संकल्प एकच. या वर्षी मी टीव्हीवर मुलांच्या कार्यक्रमाचा निवेदक होणार.

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला साडूच्या चाळीत गेलो होतो. शेजाऱ्यांच्या खिडकीतून पाऊण तास टीव्ही पाहिला, उभ्याने. एक बाई हसत हसत मुलांना काहीतरी सांगत होत्या. मनात म्हटलं, शेषराव, हेच तर तू जऊळक्याच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला रोज करतोस. शिवाय तुझा आवाज मोठा आहे.

जऊळक्यात टीव्ही दिसत नाही. अकोल्यातही दिसत नाही. म्हणजे इकडून स्पर्धा नाही.

त्याच दिवशी, दुपारी
अर्ज टाकला. अनुभव: चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात सलग चार वर्षं माइकवर अनाउन्सर. त्यातली दोन वर्षं माइक बंद होता, ते लिहिलं नाही. आवाज तरीही शेवटच्या रांगेपर्यंत गेला होता.

३ जानेवारी, शुक्रवार
प्रॅक्टिस पाहिजे. जगदेवच्या किराणा दुकानातून चहाचं रिकामं खोकं आणलं, प्लायवुडचं. समोरून चौकोन कापला. मागून स्टुलावर बसायचं आणि डोकं आत घालायचं. हुबेहूब टीव्ही. फक्त चहाचा वास येतो.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गफ्फारभाईंनी एका मेलेल्या रेडिओची दोन बटणं बसवून दिली. एक चालू-बंदचं, फिरवलं की खट् वाजतं. दुसरं आवाजाचं. गफ्फारभाई म्हणाले, मास्तर, याले आतून कायीच जोडेल नाही, फिरवलं काय अन् नाही फिरवलं काय. मी म्हणालो, शिस्तीसाठी आहे. तांत्रिक माणसाला शिस्तीचं काय कळणार.

नियम लिहून काढले. खट् झाल्याशिवाय निवेदक तोंड उघडणार नाही. पुन्हा खट् झालं की शब्द अर्धा राहिला तरी थांबेल. मुंबईत असंच चालत असणार, नाहीतर टीव्हीला बटणं कशाला दिली असती.

छत्रीच्या काड्यांची अँटेना केली. बायको वच्छला सकाळपासून छत्री शोधते आहे.

४ जानेवारी, शनिवार
सकाळची शाळा सुटल्यावर आमच्या अंगणात पहिला कार्यक्रम. नाव 'बालज्ञानमंजूषा'. पोरं 'मास्तरचं खोकं' म्हणतात. प्रेक्षक सव्वीस. विषय: नखं कशी कापावीत.

बटणाचं काम गफ्फारभाईंच्या नसीमकडे दिलं, तिला घरचा अनुभव आहे. खट् झालं. मी नमस्कार बालमित्रांनो म्हणालो. पोरं हसली. ही पकड! आठव्या मिनिटाला पुन्हा खट्. नियम म्हणजे नियम, थांबलो. नसीमला कारण विचारलं. म्हणाली, गुर्जी, मले वाटलं संपलं. अजून डाव्या हाताला सुरुवातही नव्हती.

११ जानेवारी, शनिवार
विषय: वक्तशीरपणा. प्रेक्षक सतरा, त्यातले बरेच उशिरा आले.

आज नसीमने आवाजाचं बटण हळूहळू कमी केलं. मीही आवाज कमी करत गेलो. शेवटी नुसते ओठ हलवत होतो. पोरं हसून हसून लोळली. भाषणाला एकदाही इतकी दाद मिळाली नव्हती. याचा अर्थ माझा चेहराच बोलतो.

१२ जानेवारी, रविवार
संकल्प: घरातही शुद्ध बोलायचं. वच्छलेला म्हणालो, मला किंचित पाणी देतेस का? तिने कपाळाला हात लावून पाहिला. म्हणाली, तुमाले ताप त नाही आला? संध्याकाळपर्यंत तीन शेजारणी मला बघून गेल्या.

संकल्प उद्यापासून.

२५ जानेवारी, शनिवार
विषय: सूर्यमाला. प्रेक्षक नऊ. नसीमने मला बुधावरच बंद केलं. दर्जेदार कार्यक्रमाला प्रेक्षक कमीच असतात.

५ फेब्रुवारी, बुधवार. ११.४०
पत्र आलं!! मुंबईहून! २० तारखेला दुपारी चार वाजता चाचणीला हजर राहावं.

वर्गाला लगेच सुट्टी दिली. हेडमास्तर फुलसिंग गुरुजींनी ती लगेच परत घेतली. रजेचा अर्ज ठेवला, तर म्हणाले, शेषराव, पोरायची चाचणी घ्याची सोडून तुमी सोता चाचणी द्याले कायले चालले? सही मात्र केली. निघताना हळूच म्हणाले, निवड झाली त माझ्या नातवाचं नाव घेसान टीव्हीवर. मी म्हणालो, बघू. आतापासूनच लोक मागे लागले.

८ फेब्रुवारी, शनिवार
मालेगावला वहाब टेलरकडे कोट टाकला. करडा, तीन बटणी. वहाब म्हणाला, अन् खालची पँट? मी म्हणालो, टीव्हीवर माणूस छातीपर्यंतच असतो. मी स्वतः पाहिलंय. खाली पायजमा चालेल, उलट आरामशीर. वहाबने मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. नव्या गोष्टी खेड्यापाड्यांत पोचायला वेळ लागतो.

कोटाच्या गडबडीत आजचा कार्यक्रम रद्द झाला. कुणी विचारायला आलं नाही. पोरं बिचारी समजूतदार आहेत.

१७ फेब्रुवारी, सोमवार
उद्या निघणार. जऊळक्याहून लहान गाडी, अकोल्याला मोठी.

वच्छला म्हणाली, कोंबडी खुडूक हाय, ते खोकं रिकामं हाय त बसवू काय अंड्यावर? मी म्हणालो, खुशाल बसव. त्या खोक्याशी माझा संबंध संपला. खऱ्या टीव्हीकडे निघालेल्या माणसाने मन मोठं ठेवावं. मग ती म्हणाली, कोटावर पायजमा घालून मुंबईले जासान? लोक हासतीन. मी तिला छातीपर्यंतचं सगळं पुन्हा समजावलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, पण टेसनावर त पुरेच दिसता ना.

तिला या क्षेत्राची माहिती नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार. मुंबई. संध्याकाळी ६.००
चाचणी झाली. उत्तम झाली. सविस्तर लिहितो, पुढे उपयोगी पडेल.

मोठा हॉल, डोळे दिपवणारे दिवे. एक बाई आणि दोन गृहस्थ. बाई फार अदबीने म्हणाल्या, दारापासून चालत या, मधे उभे राहा, समोर मुलं आहेत असं समजा. म्हणजे चक्क पायांसकट! चालत आलो. कॅमेरा चालवणारा गृहस्थ हसतमुख निघाला. त्याने एकदा कॅमेऱ्यावरून डोळा काढून नुसत्या डोळ्यांनीही पाहिलं.

म्हणाले, लाल दिवा लागला की सुरू करा. दिवा लागला. मी खट्ची वाट पाहत राहिलो. चेहऱ्यावर स्मित ठेवलं होतं. एका गृहस्थांनी हात हलवला. मीही हलवला. बरंच स्मित झाल्यावर दिवा गेला. बाई म्हणाल्या, तुम्ही काही बोलणार होतात का? मी म्हणालो, मॅडम, बटण कुणी फिरवलंच नाही. हॉलमध्ये पूर्ण शांतता. माझ्या शिस्तीचा परिणाम.

दुसरी संधी दिली. सगळ्यांना देत नसावेत. या वेळी मीच मनातल्या मनात खट् म्हणालो आणि सुरू केलं, नमस्कार बालमित्रांनो, आज आपण नखं... तेवढ्यात मागे कुणीतरी पंखा बंद केला. खट्.

थांबलो. सात आठवड्यांची सवय. शिवाय नियम मीच केलेला.

बाईंनी वहीत बरंच लिहून घेतलं. नालायक माणसाबद्दल कुणी एवढं लिहीत नाही. कळवू म्हणाल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार. जऊळका
सकाळी घरी पोचलो. अंगणात पंचवीस-तीस पोरं माझ्या खोक्यासमोर पोत्यांवर बसलेली! मला वाटलं माझं स्वागत. हात वर केला. नसीम म्हणाली, गुर्जी, सरका, दिसून नाही राह्यलं.

खोक्यात कोंबडी. अकरा अंड्यांवर बसलेली. काहीही करत नाही. पोरं टक लावून पाहतात. वच्छला म्हणाली, चार दिवसांपासून हेच, हाकललं तरी जात नाही पोट्टे. अँटेनाही कुणीतरी सरळ केली आहे.

बालमनाला क्षणिक कुतूहल असतं. दोन दिवसांत उतरेल.

१ मार्च, शनिवार
प्रेक्षक चाळीस. मोजायचे नव्हते, मोजले गेले. दोघे तर शिरपूरहून पाहुणे आलेले, घरी जाण्याआधी मुद्दाम बघायला थांबले. आज कोंबडीने मान वळवली तर टाळ्या पडल्या.

कार्यक्रमात ज्ञान काय? काही नाही. नखं तर तिने आयुष्यात कापली नाहीत.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. नसीमने मला पाच आठवड्यांत नऊ वेळा बंद केलं. कोंबडीला एकदाही नाही.

२ मार्च, रविवार
वच्छलेला म्हणालो, कोंबडी टोपल्यात हलव, मला प्रॅक्टिस करायची आहे, मुंबईहून बोलावणं कधीही येईल. म्हणाली, आता नाही हालवता येत, अंडे वाया जातीन. तुमीच म्हनले ना खुशाल बसव? मी तसं म्हणालो होतो. वहीत पाहिलं, आहे.

८ मार्च, शनिवार
पत्र आलं. छापील आहे, फक्त माझं नाव शाईने भरलेलं. आपली निवड झालेली नाही. आपण दाखवलेल्या उत्साहाबद्दल आभार.

उत्साह त्यांनी मान्य केला आहे, हे विशेष. निवड पुढच्या वर्षीही होऊ शकते. शिवाय छापील पत्र, म्हणजे असे पुष्कळ जण असणार आणि ते सगळे काही वाईट नसणार.

दुपारी
खरं लिहितो. गोठ्यामागे जाऊन रडलो. फार वाईट वाटलं. कोट अंगावर घालून पाहिला, चांगला बसतो. फुलसिंग गुरुजींना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी नातवाला सांगून ठेवलं आहे.

११ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ६.३०
आज अंडी फुटली.

शाळा सुटल्याबरोबर सगळा वर्ग आमच्या अंगणात. गफ्फारभाई दुकान बंद करून आले. फुलसिंग गुरुजी नातवाला खांद्यावर घेऊन आले, मला म्हणाले, वा शेषराव, टीव्ही जोरात हाय तुमची. मी मान हलवली. निकालाचं तेव्हाही सांगता आलं नाही.

पहिलं पिल्लू बाहेर आलं तेव्हा कुणी श्वास घेत नव्हतं. मीही नाही. मागे उभा होतो. नसीमने वळून पाहिलं, पोतं झटकलं आणि म्हणाली, गुर्जी, बसा ना इथं, चांगलं दिसते. बसलो. खरंच चांगलं दिसत होतं. अकरातली नऊ निघाली.

मग वच्छलेने कोंबडी आणि पिल्लं उचलून टोपल्याखाली नेली आणि सगळी पोरं तिच्या मागे पळाली. खोकं रिकामं झालं. नऊ अंड्यांची टरफलं आणि थोडा कडबा.

घरात जाऊन कोट घातला. खाली पायजमा. स्टुलावर बसलो, डोकं आत घातलं. आता चहाचा वास येत नाही, कोंबडीचा येतो. स्मित ठेवलं आणि खट्ची वाट पाहिली. पोरांचा आरडाओरडा टोपल्याकडून ऐकू येत होता. कुणी आलं नाही. मान अवघडली. नियम म्हणजे नियम, गप्प बसून राहिलो.

बऱ्याच वेळाने वच्छला हात पुसत आली. समोरून वाकून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, पत्र मी वाचलं, कोटाच्या खिशात होतं. मला काही बोलता येईना, कारण बटण बंद होतं.

ती पोत्यावर बसली. खट्.

मी म्हणालो, नमस्कार बालमित्रांनो, आज आपण पाहू या, नखं कशी कापावीत. उजव्या हाताचं झालं. डाव्याला सुरुवात केली. वच्छलेने हात पुढे केला आणि आवाज बराच कमी केला.

बंद नाही केलं.