आज दिवा लावू नकोस

आई,

बेल दाबू नकोस, तुझी किल्लीही लावू नकोस. ओटा फोडताना गॅसचा पाइप फुटलाय, घरभर वास आहे. आधी गॅसवाल्यांना बोलावून लाइन काढून घे, असं तू कितीदा म्हणालीस आणि मी म्हणालो, "तुला काय कळतं त्यातलं?" मेन कॉक बंद केलाय, गॅसवाले निघालेत.

तू फोन घरीच विसरलीस, म्हणून तुला शोधत भजनाला धावतोय. चुकामूक झालीच तर खाली वॉचमनपाशी बस. तिन्हीसांजेचा दिवा लावायला क्षणभरसुद्धा आत जाऊ नकोस गं. देवांना एक दिवस अंधारात बसू दे; त्यांनी जाब विचारला तर माझं नाव सांग. माझ्यावर हवं तेवढं रागव, पण खाली बसून रागव.

यज्ञेश