एकटीचं नाटक आणि शहाऐंशी हात

प्रिय ताईस,

धाकट्याचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून, नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (माझाही दुखतो, पण वयाने मोठा म्हणून आधी तुझा विचारतो.) भावजींचा खोकला, गॅलरीतल्या कुंड्या, शेजारणीशी धरलेला अबोला, सगळं रीतसर चालू असेलच. आम्ही इथे खुशाल आहोत. खुशाल कसले, चार दिवस झाले, आनंदाने मला घास गिळवत नाही!

अगं, आमच्या वसाहतीच्या सभागृहात नाटक झालं! खरंखुरं, तिकीट लावून. गावोगाव एकटीच फिरणारी एक नटी आहे. एक बॅग, एक खुर्ची आणि दीड तास, एवढाच तिचा संसार. तिला बोलवायचं म्हटल्यावर आमच्या समितीने नाकं मुरडली. अध्यक्ष (निवृत्त पोस्टमास्तर, अजूनही बोलताना शिक्का मारल्यासारखा टेबलावर हात आपटतात) म्हणाले, तीस वर्षं इथे फक्त सभा झाल्या, त्याच बऱ्या. शेवटी मी चिटणीसपद पणाला लावलं. प्रयोग पडला तर माझा राजीनामा, आणि सभागृहात पुन्हा नाटकाचं नाव काढायचं नाही. यावर समिती इतक्या चटकन तयार झाली की मला जरा वाईटच वाटलं.

शहाऐंशी माणसं आली. (निम्मी माझा राजीनामा पाहायला आली होती, पण खुर्चीत बसला तो प्रेक्षक, असं मी धरतो.) आणि काय रंगवलं तिने, विचारू नकोस! बाई एकटी, पण सासरा, नणंद, दूधवाला, सगळे समोर दिसायला लागले. गोष्ट साधीच. दूरच्या शहरात मनासारखं काम मिळालेली बाई बॅग भरून दारात उभी आहे आणि घरचे तिच्या पायात पाय घालतायत. शेवटी ती पुढे आली आणि तिने आम्हाला विचारलं, "सांगा, जाऊ की राहू?"

आता हा प्रश्न काही उत्तरासाठी नव्हता. पण आमच्या लोकांना तीस वर्षांची सवय, व्यासपीठावरून प्रश्न आला की तो ठराव. पोस्टमास्तर उठून म्हणाले, "सूचना आलेली आहे. अनुमोदन?" इस्त्रीवाल्यांनी अनुमोदन दिलं. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी पाण्याच्या टाकीचा विषय आधी घ्या म्हणून हरकत घेतली, ती फेटाळली गेली. मी विंगेत डोक्याला हात लावून मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवत होतो. हात मोजले गेले. जा म्हणणारे चौपन्न, राहा म्हणणारे बत्तीस.

नटी मात्र पक्की. (मूळ नाटकात बाई घरीच राहते, हे मला मागाहून कळलं.) तिने क्षणभर सगळ्यांकडे पाहिलं, बॅग उचलली आणि मधल्या वाटेने चालत थेट दाराबाहेर गेली. टाळ्यांचा नुसता कडकडाट! तेवढ्यात आमच्या रखवालदाराने, सभा संपण्याआधी कोणी पळू नये या जुन्या नियमाने, आतून कडी घातली. ती बाहेरून दार ठोठावतेय आणि आम्ही त्या ठोठावण्यालाही टाळ्या देतोय! पोस्टमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "बघा, घर सुटत नाही हो बाईमाणसाला!" पाच-सात मिनिटांनी तिने खिडकीतून डोकं घालून "अहो चिटणीस!" अशी हाक मारली, तेव्हा कुठे उलगडा झाला. मी धावत जाऊन दार उघडलं. ती रागावलीच नाही, पायरीवर बसून पोट धरधरून हसत होती.

तर प्रयोग पडला नाही आणि माझं पदही शाबूत आहे. भावजींना नमस्कार सांग आणि त्यांना खोकला अंगावर काढू देऊ नकोस.

तुझा
धाकटा

ता. क. आता दर तीन महिन्यांनी एकपात्री प्रयोग करायचं ठरलं आहे. पुढची तारीख तूर्त रिकामी आहे.

आणखी ता. क. रिकामी नाही, खोटं कशाला बोलू? तिथे मी तुझं नाव सुचवलं. आई गेली तेव्हा नाटक मंडळीचं आलेलं बोलावणं फडताळात सरकवून तू आमचे डबे भरायला लागलीस. जाऊ की राहू, हे तू आम्हाला विचारलं नाहीस आणि आम्ही खाणाऱ्यांनीही विषय काढला नाही. त्या दिवशी विंगेत उभा असताना त्याची फार लाज वाटली, ताई. वय, गुडघा, भावजींचा खोकला, या तुझ्या सगळ्या हरकती मीच समितीपुढे मांडल्या आणि समितीने त्या फेटाळल्या. ठराव आता वार्षिक सभेशिवाय फिरत नाही, आणि ती अकरा महिन्यांनी आहे.

सगळ्यात शेवटचं. ठराव एकमताने मंजूर झाला. पहिला हात माझा होता. चाळीस वर्षं उशिरा वर झाला, तेवढं पोटात घाल आणि ये.